पिशवी, पाणी आणि ‘चहापानाच्या समित्या’

गेल्या आठवड्यात माझ्या आत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक संदेश मला पाठवला आणि पाठोपाठ फोन करून विचारले, “मंग आमी त्या समितीत बसून काय माशा मारतोत का रं?” आत्या बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची सदस्य आहे. संदेशाचा आशय असा: आरोग्य हे डॉक्टरांचे काम आहे, गावसमित्या, बचत गट आणि संस्थांच्या आघाड्यांना दिलेला पैसा चहापानात आणि फोटोंत जातो, ऊसतोड बायका अडाणीपणामुळे आपणहून गर्भाशयाच्या पिशव्या काढून घेतात, त्याला कोण काय करणार, हा सारा परदेशी संस्थांचा खेळ आहे, तेव्हा तो पैसा थांबवून दवाखान्यांत यंत्रे घ्यावीत.

परदेशी खेळाचा मुद्दा लवकर आटोपतो. गावोगावच्या या समित्या 2005 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आल्या आणि ते अभियान भारत सरकारचे आहे.

संतापजनक आहे तो ‘आपणहून’ हा शब्द. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. आणि त्या सुमारास राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशभरातले प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास होते. अडाणीपणा काय फक्त ऊस तोडणाऱ्यांच्याच वाट्याला आला आहे? ऊसतोडीच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, नळ नसतो, शौचालय नसते, पाळीचे कपडे धुवायला आणि वाळवायला आडोसा नसतो. त्यातून जंतुसंसर्ग होतो, अंगावरून जाऊ लागते. मजुरीच्या हिशेबात कोयता, म्हणजे कामाचे एकक, नवरा-बायकोचा मिळून धरलेला असतो आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, हंगामाआधीच खर्चून झालेली असते, त्यामुळे तिने एक दिवस खाडा केला तरी पैसे कापले जातात. अशा वेळी गावाकडच्या खासगी दवाखान्यात कोणी सांगतो की पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल, काढली की कटकट मिटेल. मग शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल घेतली जाते, ती फेडायला पुन्हा फडावर जावे लागते, आणि पुढे ऐन उमेदीच्या वयात कंबर धरते, हाडे दुखू लागतात. या साखळीतल्या कोणत्या कडीला संदेशकर्ता आपले यंत्र जोडणार आहे? शस्त्रक्रियागृहांचा तुटवडा होता म्हणून हे घडलेले नाही. ती होती, आणि हे तिथेच घडले. महिला संघटना आणि पत्रकार यांनी हा प्रश्न लावून धरला नसता, तर या बायकांची मोजदादही झाली नसती.

फडावरचे पाणी कारखान्याच्या हाती, सुट्टी मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या, तपासणी आरोग्य उपकेंद्राच्या आणि मागे राहिलेल्या लेकरांचा आहार अंगणवाडीच्या हाती आहे. एकट्या डॉक्टरची यांतल्या कोणावरही सत्ता चालत नाही, म्हणून या सर्वांना एकत्र बसवून जाब विचारणारी गावातली माणसे लागतात. आघाडी म्हणतात ती यालाच. शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून हेच केले: गावातल्याच, बहुधा निरक्षर बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले, शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी केली, पाणी आणि धान्य यांचे प्रश्न आरोग्याचेच मानले. प्रकल्पाच्या नोंदींनुसार तिथला अर्भक मृत्युदर 1971 मधल्या दरहजारी 176 वरून दोन दशकांत विशीपर्यंत उतरला. त्याचे श्रेय कोणते यंत्र घेणार?

आता चहापानाबद्दल. नाइलाजाने कबूल करतो की अनेक गावांत ही समिती कागदावरच असते, सह्या घरी फिरवून घेतल्या जातात आणि बैठकीचा वृत्तान्त गेल्या वर्षीचाच उतरवला जातो. आमच्या गावातही काही वर्षे फिनाईल आणि ब्लीचिंग पावडर यांच्यापलीकडे खर्च गेला नाही. पण समितीने स्वतः ठरवून खर्चायचा मुक्त निधी अभियानात मुळात वर्षाला 10,000 रुपयांचा ठरवलेला, तोही वेळेवर येतोच असे नाही. एवढ्या पैशात कोणते यंत्र येते, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे. समिती झोपलेली असेल तर ती जागी करण्याचा मार्ग आपल्याच भागात चालून पाहिलेला आहे: आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचे काम 2007 पासून राज्यातल्या ज्या पहिल्या पाच जिल्ह्यांत सुरू झाले, त्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, होते. तिथे जनसुनावणीत अधिकाऱ्यांना लोकांसमोर उत्तरे द्यावी लागत.

आणि दवाखान्यांत यंत्रे नकोत, असे कोणी म्हटले आहे? यंत्रेही हवीत, ती चालवणारे तंत्रज्ञही हवेत.

आत्याला मी एवढेच सांगितले की हा संदेश पुढे पाठवू नकोस. तिने तो आधीच बचत गटात टाकला होता आणि खाली स्वतःचे म्हणून जोडले होते: ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत सगळ्या बायांची तपासणी उपकेंद्रात करून घ्यायची आहे, मंगळवारी बैठक, चहा ज्याचा त्याने घरून पिऊन यावा.