कंदील गच्चीवर, डास बॅरलात

गच्चीवर लाइटच्या माळा लावायला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवस मावळल्यावर घरात बसवत नाही. गच्चीवर पाणी मारायचं, चटई टाकायची, शेंगाचटणी-भाकरी वरच घेऊन यायचं, असं आमचं दोन-तीन महिने चालतं. त्यात चार पिवळे दिवे लुकलुकले तर कुणाला नको आहेत?

माझी तक्रार "डास पळवणाऱ्या" दिव्यांबद्दल आहे. गेल्या वर्षी एका दुकानदारानं "मालक, हे लावा, एक डास फिरकला तर पैसे परत" म्हणत जांभळ्या उजेडाचे दोन कंदील माझ्या गळ्यात मारले. दिसायला झकास. रात्रभर चट्‌ चट्‌ आवाज आला की आम्ही खूश, गेला एक! सकाळी खालचा ट्रे काढून बघितला तर पतंग, तुडतुडे, पंखवाले किडे, नुसता खच. डास शोधावा लागला. आणि आमच्या घोट्यांवर गांध्या होत्या त्या होत्याच.

मग जरा वाचलं. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी असल्याच यंत्रांत मेलेले किडे मोजले होते, १९९६ मध्ये ते छापून आलं. एकूण १३,७८९ किडे. त्यात रक्त पिणारे, डास-चिलटं सगळे धरून, ३१. बाकी बिचारे पाली-वटवाघळांचं जेवण, फुकट गेले.

कारण साधं आहे. चावते ती मादी, आणि ती दिव्याच्या नाही, तुमच्या मागावर असते. तुमचा श्वास, अंगाची ऊब, घामाचा वास. तुम्ही कंदिलाखाली बसून गप्पा मारताय म्हटल्यावर ती कंदिलाकडे कशाला जाईल? पिवळ्या माळेचंही तेच. पिवळ्या उजेडाकडे किडे कमी येतात हे खरं, पांढऱ्या ट्यूबखाली ताटात पाखरू पडतं तसं होत नाही. पण कमी येणं वेगळं, पळून जाणं वेगळं. दुकानदार ही दोन वाक्यं एकच करून विकतो.

उपयोग झाला तो जुन्या टेबल फॅनचा. डास उडायला फार कच्चा, वाऱ्यापुढे टिकत नाही, आणि आपल्या श्वासाचा माग पण त्या वाऱ्यात विस्कटतो. फॅन पायांकडे तोंड करून ठेवायचा, कारण ते चटईच्या उंचीवरच घुटमळतात. फॅन दिसायला काही कंदिलासारखा नाही, ते मान्य.

पण खरी गंमत खाली होती. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. त्यामुळे दारात बॅरल, मागे हौद, बाथरूममध्ये भरलेल्या बादल्या. डेंग्यूच्या डासाला गटार लागत नाही, असलं साठवलेलं स्वच्छ पाणीच लागतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. शिवाय तो चावतो दिवसा, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. म्हणजे मी कंदिलाचं बटण दाबेपर्यंत त्याचं जेवण झालेलं!

पोरानं बॅरलात मोबाइलचा टॉर्च मारला तर आत वळवळ. मी म्हटलं, ओतून टाकू. आई म्हणाली, "ओत, आणि परवापर्यंत आंघोळीला काय घेशील?" याला उत्तर नाही. "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा", म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी ठेवा, हे ज्याच्या घरी रोज पाणी येतं त्याला सोपं आहे. शेवटी ठरलं ते असं: नळ यायच्या आदल्या दिवशी, तळाला थोडंच पाणी उरतं तेव्हा, बॅरल रिकामं करून आतून घासायचं. नुसतं ओतून भागत नाही, अंडी भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने जगतात. मग भरल्यावर तोंडाला जुन्या धोतराचं दुपदरी फडकं, सुतळीनं घट्ट. शेजारच्या आक्कांनी जुनी चादर बांधून बघितली, ती पाणी पिऊन आत पडली. हौदात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडलेत.

कंदील आता माळ्यावर आहेत. मी विकायला काढले होते, आई म्हणाली, "राहू दे, दिवाळीत वायर न लावता टांगू. दिसायला चांगले आहेत की."