यिर्मयाचं पत्र आणि पलंगाखालची सुटकेस

मागच्या रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर साक्षीची वेळ होती, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायची. वचन होतं बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, यिर्मया २९:११. "तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत." आपल्या किती घरांत हे वचन भिंतीवर लावलेलं असतं! तिघांनी साक्ष दिली. एकीच्या मुलाला बेंगळुरूला नोकरी लागली, एका काकांचं अडकलेलं कर्ज मंजूर झालं, एका ताईंचं ठरलेलं लग्न मोडलं आणि पुढं त्याहून चांगलं स्थळ आलं. ऐकून मनापासून आनंद झाला. मग पाळकसाहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "सिस्टर, आज तुम्ही बोला की." मी उठले, दोन शब्द बोलले आणि बसले. माझी गोष्ट तिथं पाच मिनिटांत सांगण्यासारखी नव्हती. म्हणून इथं लिहिते आहे. लांबलंय, सवडीनं वाचा.

२००६ साली माझी मस्कतला नर्स म्हणून जायची तयारी पूर्ण झाली होती. पासपोर्ट हातात, मेडिकल झालेली, बेळगावच्या खडेबाजारातून निळी सुटकेस आणलेली. आप्पा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला होते. माझ्या पगारातून धाकट्या भावाचं शिक्षण, खानापूरकडच्या गावातल्या घरावर नवी कौलं आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, असा सगळा हिशोब वहीत लिहिलेला होता. त्या वहीवर हात ठेवून आम्ही सगळ्यांनी प्रार्थनाही केली होती. निघायला अकरा दिवस राहिले असताना पहाटे आप्पा न्हाणीत पडले. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका, पक्षाघात. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. वय ५४.

मी थांबले. कुणी जबरदस्ती केली नाही. आप्पा तर डाव्या हातानं दाराकडं बोट दाखवायचे, "जा" म्हणून. पण आईला एकटीला त्यांना कुशीवर वळवता येत नव्हतं, आणि ते मला येत होतं. एवढंच कारण.

त्यानंतरच्या काही महिन्यांत जे लोक घरी येऊन गेले, त्यांच्याबद्दल लिहायलाच हवं. बहुतेकांनी भाकरी आणली, भात आणला, रात्री आप्पांपाशी बसायला पोरं पाठवली. ते उपकार मी विसरणार नाही. पण जवळजवळ प्रत्येकानं निघताना उंबऱ्यात उभं राहून एक वाक्य सांगितलं: "देवाची योजना असते बघ." आणि एक पाहुणे उपदेशक आले, त्यांनी आप्पांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं सांगितलं की सहा महिन्यांत हा माणूस चालत चर्चला येईल, मला प्रभूनं दाखवलंय. आईनं ती तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवली. तो दिवस आला आणि गेला. त्या दिवशी आईनं चूल पेटवली नाही.

बऱ्याच वर्षांनी, एका नाइट ड्यूटीत, मी यिर्मयाचा २८ वा आणि २९ वा अध्याय सलग वाचला. आधी कधी वाचलाच नव्हता. भिंतीवरचं एक वचन तेवढं पाठ होतं. २८ व्यात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) राजानं यरुशलेमच्या मंदिरातली पात्रं लुटून नेलीत, लोकांना धरून नेलंय, आणि हा हनन्या मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. बाबेलची ताबेदारी दाखवायला यिर्मयानं मानेवर घातलेलं लाकडी जू काढून मोडून टाकतो. लोकांना किती बरं वाटलं असेल! आणि २९ व्यात यिर्मया बाबेलमध्ये नेलेल्या लोकांना पत्र लिहितो, त्यात आकडा आहे सत्तर. सत्तर वर्षं! ज्यांनी ते पत्र हातात घेतलं, त्यांतले बहुतेक जण यरुशलेम पुन्हा न बघताच मरणार होते. आपलं भिंतीवरचं वचन त्या पत्रातलं आहे, सत्तर वर्षांच्या लगेच पुढचं.

आणि त्याच्याही आधी, पाचव्या ते सातव्या वचनात, काय लिहिलंय बघा. घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांचं फळ खा. लग्नं करा, लेकरं होऊ द्या. ज्या नगरात तुम्हांला नेलंय त्याचं बरं व्हावं म्हणून झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यातच तुमचं भलं आहे. म्हणजे सामान बांधून दाराशी बसू नका.

माझी सुटकेस तोवर बांधलेलीच पलंगाखाली होती.

नवऱ्याकडं, मुलांकडं, नोकरीकडं, सगळ्याकडं मी "तोवर" म्हणून बघत होते, हे मला त्या रात्री कळलं. कन्नड नीट शिकायचं मी टाळत होते, कारण इथं कुठं राहायचंय? आमच्या वॉर्डात बैलहोंगल, सौंदत्तीकडून म्हाताऱ्या येतात. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नाही. मी चार शब्दांवर भागवत होते. त्यानंतर मात्र रोज एक वाक्य वहीत लिहून पाठ करायला लागले. "एल्लि नोवु ऐतरी अज्जी?" कुठं दुखतंय आजी, एवढं नीट विचारता आलं की निम्मी भीती त्यांच्या डोळ्यांतून जाते, हे मी बघितलंय.

इथं एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे गैरसमज नको. आपल्या सीमाभागाची तुलना मी बाबेलशी करत नाही. आपल्याला कुणी उचलून दुसऱ्या देशात नेलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला घर जागच्या जागी राहिलं आणि राज्य बदललं, मुंबई राज्याचं म्हैसूर (आजचं कर्नाटक) झालं. त्याचं दुःख आमच्या आजोबांच्या पिढीनं सोसलं, आजही सोसतोय, आणि माझ्या भाषेवर माझं प्रेम कणभरही कमी नाही. पण १ नोव्हेंबरला एका बाजूला मराठी माणसांचा काळा दिवस आणि दुसऱ्या बाजूला कन्नड राज्योत्सवाची मिरवणूक असते, तेव्हा माझ्या वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन्हीकडची माणसं असतात, आणि सलाईन दोघांनाही मीच लावते. "त्या नगरासाठी प्रार्थना करा" हे मला तिथं समजलं. इथं राहणाऱ्या प्रत्येकासाठी ती प्रार्थना करायची आहे.

आता दुसरा मुद्दा, तो मला जास्त टोचतो. आपण मराठी ख्रिस्ती विल्यम केरीचं नाव आदरानं घेतो, आणि घ्यायलाच हवं. इंग्लंडातला जोडे शिवणारा माणूस, पुढं मिशनरी झाला; त्याच्या मनात ताहितीला जायचं होतं, आणि १७९३ मध्ये पोचला बंगालात. तिथं श्रीरामपूरला बसून त्यानं पंडित वैजनाथांच्या मदतीनं मराठीचं काम केलं. १८०५ साली मराठी व्याकरण, १८११ साली मराठी नवा करार. ११ मार्च १८१२ ला छापखान्याला आग लागली, वर्षानुवर्षांची हस्तलिखितं आणि अनेक लिप्यांचे टाइप जळाले, आणि त्यांनी पुन्हा सुरुवात केली. हे सगळं मी संडे स्कूलमध्ये ऐकलं, आणि प्रत्येक वेळी शेवट एकच असायचा: बघा, माणसाची योजना एक आणि देवाची एक.

पण त्याच्या बायकोबद्दल, डोरोथीबद्दल, मला संडे स्कूलमध्ये कुणी सांगितलं नाही. तिला भारतात यायचंच नव्हतं. ती गरोदर होती. बाळंत झाल्यावर, बहीण सोबत येणार असेल तर येते म्हणाली, आणि तान्ह्या बाळाला घेऊन जहाजात बसली. दुसऱ्याच वर्षी, १७९४ मध्ये, तिचा पाच वर्षांचा पीटर इथं आजारानं गेला. त्यानंतर तिचं मन ठिकाणावर राहिलं नाही. १८०७ साली ती गेली, तेव्हा मराठी नवा करार छापून व्हायचा होता. मी नर्स आहे. अशा बायका मी बघितल्यात. मला विचाराल तर ज्याच्या हातात वचन येतं त्यानं केरीसोबत डोरोथीचंही नाव घ्यावं. नवा करार मिळाला म्हणून पीटरचं मरण चांगलं ठरत नाही. दोन्ही गोष्टी देवापुढं ठेवायच्या, आणि एकीनं दुसरीचा हिशोब मिटवायचा नाही.

म्हणून "देवाची योजना" हे शब्द ज्याच्यावर वेळ आली आहे त्याच्या तोंडून यावेत, असं माझं ठाम मत आहे. उंबऱ्यात उभं राहणाऱ्यानं ते बोलू नयेत. बायबलात ईयोब आहे, लेकरं, संपत्ती, तब्येत सगळं गमावलेला; त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले, तिथवर ते खरे मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं. शेवटी देव त्यांच्यावर रागावला, आणि ज्या ईयोबानं त्याच्याशी भांडण मांडलं होतं त्याला "माझा सेवक" म्हणाला.

आणि शेजारच्या मावशी म्हणतात ते "नशिबात होतं" आणि आपला विश्वास, हे एक नव्हे. नशिबाशी बोलता येत नाही. गेथशेमाने बागेत, धरला जाण्याआधीच्या रात्री, येशू आधी मागतो, हा प्याला टळून जावो. तीन वेळा मागतो. मग म्हणतो, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. पहिलं वाक्य गाळून दुसरं कुणाकडून वदवून घेऊ नका. प्रेषित पौलानंही शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे सतत छळणाऱ्या त्रासासाठी, तीन वेळा विनंती केली. काटा गेला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे," एवढं उत्तर मिळालं.

माझ्या धंद्यातलं एक सांगते. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या "विश्वासानं" बंद करून आलेले लोक मी दरवर्षी बघते. काहींना आप्पांसारखाच झटका आलेला असतो. त्यांना मी यशयाचा ३८ वा अध्याय वाचून दाखवते. देवानं मरायला टेकलेल्या हिज्कीया राजाला स्वतः वचन दिलं की तुला आणखी पंधरा वर्षं देतो. आणि तरी यशया म्हणतो, अंजिराचा लेप करून त्याच्या गळवावर लावा. वचन मिळालेल्या राजानंही लेप लावला. तुम्ही गोळी घ्या.

आप्पा अकरा वर्षं तसेच होते, २०१७ पर्यंत. ते चालत चर्चला कधीच गेले नाहीत. त्यांना "पाणी" म्हणता येत नव्हतं, माझं नाव घेता येत नव्हतं. पण रविवारी दुपारी आई उपासना संगीतातलं (आपल्या चर्चच्या गीतांच्या पुस्तकातलं) गीत म्हणायला लागली की ते पूर्ण कडवं शब्दांसकट म्हणायचे. बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, गाण्याला उजवी बाजू हात देते, म्हणून असं होतं. मला ते पुस्तकातून माहीत होतं. तरी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. "प्रभू" हा शब्द त्यांना गाताना यायचा आणि गाणं संपलं की जायचा. हे मस्कतच्या बदल्यात मिळालं असं मी म्हणणार नाही. मिळालं, आणि मी तिथं होते.

परवा भावाचा मुलगा आला. नर्सिंग झालंय, जर्मनीला जायचंय, भाषेची परीक्षा एकदा हुकलीय. म्हणाला, "आत्या, देवाची योजना असंल तर होईलच की. मग आता क्लास सोडू काय?" मी म्हटलं, क्लास सोडायचा नाही, बाळा. याकोबाच्या पत्रात "प्रभूची इच्छा असेल तर" म्हणायला सांगितलंय, आणि पुढं "आपण हे करू, ते करू" असंच आहे. तू तुझं कर. झालं तरी प्रार्थना करू, नाही झालं तरी करू, आणि नाही झालं तर तुझ्याजवळ बसायला मी येईन, काही न बोलता.

जाताना त्यानं सुटकेस मागितली. पलंगाखालून ओढून काढली. आतल्या कपड्यांतले दोन पांढरे युनिफॉर्म अजून चांगले आहेत, ते वॉर्डातल्या नव्या मुलीला देईन. हिशोबाची वही मी ठेवून घेतली. चेन गंजलीय, पण चाकं कोरी आहेत. शनिवारी खडेबाजारात जाऊन चेन बदलून आणणार आहे.