मीठ पाहणारे नाना

गेल्या रविवारी जळगाव जिल्ह्यातल्या बामणोदजवळच्या एका मळ्यात भरीत पार्टीला मी सकाळपासून उपाशी राहून गेलो आणि रात्री जवळजवळ तसाच परतलो, हे मी घरी अजून नीट सांगितलेले नाही.

दोष मेहुण्याच्या काकांचा, म्हणजे नानांचा. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी सोलून, मुसळाने ठेचून, मिरची-लसणाच्या फोडणीत पडली होती, पातेल्याच्या कडेने तेल सुटू लागले होते आणि मी ताट घेऊन उठलो होतो. तेवढ्यात नानांनी माझे मनगट धरले. "थांब ना भो! पहिल्या पंगतीला हावरे बसतात, शेवटच्या पंगतीला जाणकार. खालचं भरीत खरं मुरलेलं राहतं."

नाना निवृत्त शिक्षक असल्यामुळे त्यांना नुसता सल्ला देता येत नाही, त्याला पुरावा जोडावा लागतो. साठच्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने बालवाडीतल्या मुलांपुढे खाऊ ठेवला आणि आत्ता घेतलास तर एक, थांबलास तर दोन, असे सांगितले. थांबणारी पोरे पुढे अभ्यासात सरस निघाली, हे त्यांनी मला सविस्तर ऐकवले. सविस्तर म्हणजे मध्ये मध्ये उठून. "जरा मीठ पाहून येतो," असे म्हणून ते पातेल्याकडे जात. पहिल्यांदा त्यांनी मीठ बोटाने पाहिले, दुसऱ्यांदा भाकरीच्या तुकड्याने आणि तिसऱ्यांदा कळण्याच्या चतकोर भाकरीने. चौथ्या वेळी त्यांनी कांद्याची पातही मागवली. मीठ पाहायला पात कशाला लागते, हे त्यांना विचारण्याइतका मी अजून मोठा झालेलो नाही.

तोंड पुसत ते म्हणाले, "संयमानं माणूस घडतो."

संयम आम्हाला शिकवावा लागतो का? इकडे केळी लावणारा माणूस घडासाठी अकरा-बारा महिने थांबतो आणि घड उतरवायच्या आठवड्यात वादळ येऊन अख्खी बाग आडवी करते. मग तो पंचनाम्यासाठी थांबतो आणि पंचनामा झाला की भरपाईसाठी. त्याने आणखी किती घडायचे, हे नानांनी एकदा सांगावे.

शेवटची पंगत बसली तेव्हा पातेल्यात मुरलेले तेल होते आणि वांग्याचे एक देठ. मी भाकरी मुळ्याशी खाल्ली. नाना हळहळले, पण ढेकर देऊन.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. 2013 साली छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या रॉचेस्टरमधल्या संशोधकांनी हाच प्रयोग करण्याआधी मुलांना चांगले रंग आणून देण्याचे वचन दिले होते. ज्यांच्याबाबतीत वचन पाळले, ती मुले खाऊपुढे सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांना रिकाम्या हातांनी येऊन "रंग संपले" असे सांगितले, ती जेमतेम तीन. ही दुसऱ्या गटातली पोरे मला फार जवळची वाटली. त्यांना अधीर कोण म्हणेल? त्यांनी फक्त वाढणारा ओळखला होता.

सकाळी नानांचा फोन आला. "येत्या रविवारी पुन्हा भरीत आहे भो. या वेळी तुला दुप्पट वाढतो, फक्त शेवटपर्यंत थांब."

मी येतो म्हणालो. मीठ पाहण्याचे काम मात्र आधीच मागून घेतले आहे.