बॅटरी मागितली, दिली नाही: मालकाचं उत्तर

नमस्कार. 'बॅटरी बदला म्हणून सांगितलं, तर दिवसभर गाडी अडकवून ठेवली, टेस्टिंगचे पैसे लावले आणि जुनीच बॅटरी परत बसवून दिली' अशी तुमची तक्रार आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या का केल्या, ते सांगतो.

तुमची बॅटरी खराब नव्हती, उपाशी होती. नवी टाकली असती तर तीही काही दिवसांत बसली असती, आणि मग रिव्ह्यू आणखी कडक आला असता!

गाडी आली तेव्हा बॅटरी पार उतरलेली होती. अशा बॅटरीवर घेतलेल्या रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून आधी ती स्लो चार्जिंगला लावली. वेळ गेला तो मुख्यतः तिथे. चार्ज होऊन थोडी थांबल्यावर 12.7 व्होल्ट दाखवत होती. सेल्फ मारताना 10.4 च्या खाली गेली नाही. अशी बॅटरी मी भंगारात काढत नाही.

मग इंजिन चालू करून 5000 आरपीएमपर्यंत रेस दिली. बॅटरीच्या टर्मिनलवर 14 च्या आसपास व्होल्ट हवेत, मिळाले 12.9. इथे बरेच जण थेट स्टेटर कॉइल (इंजिनमध्ये वीज तयार करणारी) किंवा आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, ती वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारं) बदलून मोकळे होतात. आम्ही कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून स्टेटरच्या तिन्ही पिवळ्या वायरी दोन-दोन करून मीटर एसी व्होल्टवर ठेवून मोजल्या. तिन्ही जोड्यांत व्होल्टेज सारखंच होतं आणि कुठलीच वायर अर्थ (बॉडीला शॉर्ट) होत नव्हती. इंजिन चांगलं तापवून पुन्हा मोजलं, कारण काही कॉइल थंड असताना शहाण्यासारख्या वागतात आणि गरम झाल्यावर शॉर्ट होतात. तुमची तशी नव्हती. चावी बंद ठेवून करंटही तपासला. गाडीला नंतर बसवलेला अलार्म आहे, म्हणून पहिला संशय त्याच्यावरच होता. पण तो नावापुरताच करंट ओढतो.

दोष सापडला तो आरआर युनिटच्या कपलरमध्ये. लाल वायरची पिन सैल झाली होती, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडून वितळायला लागलं होतं. मीटरचं एक टोक युनिटच्या आउटपुटला आणि दुसरं बॅटरीच्या प्लसला लावून रेस दिली, तर तेवढ्या वाटेतच 1.3 व्होल्ट गळत होते. युनिट 14.2 देत होतं, ते बॅटरीपर्यंत पोचतच नव्हतं. कपलर कापून नवीन टर्मिनल क्रिंप केली (वायरवर दाबून पक्की बसवली). आता बॅटरीवर 14.1 येतात.

बिलात बॅटरी नाही, कॉइल नाही, आरआर युनिटही नाही. कपलर, टर्मिनल आणि तपासणीची मजुरी आहे. बॅटरी विकली असती तर मला जास्त सुटले असते आणि गाडी अर्ध्या तासात बाहेर गेली असती. तपासणीचे पैसे मात्र घेणारच. खरं काम तेच आहे.

जळका कपलर सीटखाली पिशवीत ठेवला आहे, बघून घ्या. महिन्याभराने जाता-जाता पाच मिनिटं थांबा. गाडी गरम असतानाच तुमच्यासमोर मीटर लावतो, त्याचे पैसे नाहीत.