‘वीस मिनिटांत गाडी काढून घेतली’ या अभिप्रायावर आमचे उत्तर

आदरणीय ग्राहक महोदय,

गेल्या रविवारी आपण दोन मित्रांसह साताऱ्यात आमच्याकडे रॉयल एनफील्ड हिमालयन 450 चालवून पाहण्यासाठी आला होता. त्यानंतर आपण आमच्या केंद्राला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी आणि माझ्या घरच्यांनी वाचला. आपल्याला नाराज होऊन परतावे लागले, याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो.

आपण लिहिले आहे की गाडी उंच आणि जड आहे, तिला खालच्या वेगात दम नाही, शोरूममध्ये फुकट मिळणाऱ्या चाचणीचे आम्ही 600 रुपये घेतले, आणि ‘वीस मिनिटांत फोन करून गाडी काढून घेतली, ही सरळ लुबाडणूक आहे’. गाडीबद्दलचे मत हा आपला अधिकार आहे आणि त्याविषयी मी पुढे लिहितोच. परंतु लुबाडणूक हा शब्द ज्या वीस मिनिटांच्या आधारावर लिहिला गेला, त्या मिनिटांचा हिशेब वाचणाऱ्यांसमोर यावा, असे मला वाटते, कारण आमच्याकडे येणारा प्रत्येक नवा ग्राहक आधी हे अभिप्राय वाचतो आणि मगच फोन करतो.

आपली नोंदणी सकाळी 7:30 ते 8:30 अशी एका तासाची होती. फुलांच्या हंगामात रविवारी सकाळ सरू लागली की यवतेश्वरच्या घाटात कासला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि नवख्या चालकाला गाडीचा अंदाज घेणे कठीण जाते, म्हणून आम्ही मुद्दाम लवकरच्या वेळा देतो आणि दहा मिनिटे आधी यावे, असे नोंदणीच्या संदेशात लिहितो. आपण तिघे 7:55 ला पोहोचलात. त्यानंतर आपल्या एका मित्रांकडे परवान्याची केवळ छायाचित्रातील प्रत असल्यामुळे डिजिलॉकरमधून परवाना उघडेपर्यंत थांबावे लागले आणि गाडी दुकानातून 8:10 ला निघाली. ही वेळ आमच्या वहीत लिहिलेली असून तिच्यापुढे आपलीच स्वाक्षरी आहे. जीपीएसच्या नोंदीप्रमाणे गाडी यवतेश्वरच्या वर एकाच जागी 14 मिनिटे उभी होती; त्या वेळेत आपण चहा घेत होता, हे आपणच मला नंतर सांगितले. मी फोन केला तो 8:40 ला, म्हणजे आपली ठरलेली वेळ संपून दहा मिनिटे झाल्यावर. गाडी दुकानात परत आली तेव्हा 9:05 झाले होते, आणि 8:30 ची नोंदणी असलेले कराडचे एक गृहस्थ तोपर्यंत हेल्मेट मांडीवर घेऊन आमच्या बाकावर बसून होते. त्यांची माफी मी मागितली. वरच्या वेळेचा एक रुपयाही आपल्याकडून घेतला नाही, आणि घेण्याचा विचारही मनात आला नाही.

थोडक्यात, गाडी 55 मिनिटे आपल्या तिघांच्या ताब्यात होती. आपण स्वतः ती वीस मिनिटेच चालवलीत, हे खरे असेल, कारण आधी आपले दोन्ही मित्र ती चालवून आले होते. एका तासाची नोंदणी तिघांत वाटून घेण्याचा निर्णय आपला होता. त्याला मी आनंदाने संमती दिली होती आणि प्रत्येकाच्या परवान्याची नोंद करून घेतली होती. त्याच निर्णयातून आपल्या वाट्याला आलेली वेळ आमच्या नावावर मांडली गेली, हे मला फार लागले.

आता गाडीविषयी. आपल्या तिघांची मते परतल्यावर दुकानातच तीन दिशांना गेली होती आणि ती मी लक्षपूर्वक ऐकली होती. आपल्या ज्या मित्रांकडे जुनी हिमालयन 411 आहे, त्यांनी ही गाडी चढावर नेली. त्यांच्या जुन्या इंजिनाला 24 च्या आसपास अश्वशक्ती आहे आणि त्याचा 32 न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, इंजिनाच्या मिनिटाला 4000 ते 4500 फेऱ्यांनाच पूर्ण मिळतो. नव्या 452 सीसीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला 40 च्या आसपास अश्वशक्ती असली तरी त्याचा 40 न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क 5500 फेऱ्यांना हाती येतो. म्हणूनच ‘चढाला सुसाट जाते, पण जुन्या गाडीसारखी तिसऱ्या गिअरवर निवांत रमत नाही’ असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे मला अगदी मोजून बोलल्यासारखे वाटले. आपले दुसरे मित्र 373 सीसीची केटीएम 390 ॲडव्हेंचर वापरतात. त्या गाडीचा टॉर्क 7000 फेऱ्यांना शिखर गाठतो, त्यामुळे त्यांना हीच हिमालयन खालच्या वेगात भरभक्कम वाटली. पठाराकडच्या खड्ड्यांवरून ती किती शांतपणे जाते, याचे त्यांनी मोकळेपणाने कौतुक केले. फक्त वरच्या वेगाला त्यांची केटीएम अधिक चपळ आहे, एवढी पुस्ती त्यांनी जोडली.

आपण मात्र ही गाडी यवतेश्वरहून साताऱ्याकडे, म्हणजे पूर्णपणे उतारावर, समोरून गर्दी चढत असताना चालवलीत. उतारावर चालक दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवणारी मूठ, जवळजवळ बंद ठेवून इंजिनाच्या ब्रेकिंगवर येतो, आणि तसेच यावे. त्या स्थितीत कोणत्याही गाडीच्या पिकअपची परीक्षा होऊ शकत नाही. शिवाय घाटात प्रथमच जाणाऱ्यांसाठी आम्ही गाडी इको मोडमध्ये देतो, ज्यात थ्रॉटलचा प्रतिसाद सौम्य असतो. परफॉर्मन्स मोड कसा निवडावा, हे आमच्या मुलाने निघण्यापूर्वी डॅशवर दाखवून दिले होते, पण गाडी परत आली तेव्हाही इकोमध्येच होती. ‘दम नाही’ हे मत देताना यातली एखादी गोष्ट आपण लिहिली असती, तर वाचणाऱ्याला ते मत तोलून पाहता आले असते.

वजनाबद्दलही थोडे लिहितो. आपण ज्या क्लासिक 350 वर आला होता, तिचे वजन 195 किलो आहे आणि हिमालयन 450 चे 196. फरक एका किलोचा आहे. तरीही ती आपल्याला जड वाटली, यात आपले काही चुकले नाही, कारण क्लासिकच्या सीटची उंची 805 मिलिमीटर आहे आणि हिमालयनच्या सीटची 825, जी वर सरकवली तर 845 होते. त्यात टाकी 13 लिटरऐवजी 17 लिटरची, पुढचे चाक 21 इंचांचे आणि जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंत 230 मिलिमीटर अंतर. वजन तेवढेच, पण ते वर आहे. उतारावरच्या वळणात थांबावे लागले आणि पायाचा फक्त चवडा टेकला की तेच वजन दुप्पट भासते. आपल्या उंच मित्रांचे दोन्ही तळवे टेकत होते, म्हणून त्यांना तो प्रश्नच पडला नाही. या गाडीसाठी 805 पर्यंत खाली येणारी बुटकी सीट मिळते, हे मी आपल्याला बोललो होतो. ती आमच्या गाडीवर बसवून ठेवावी, ही आपली सूचना योग्य आहे आणि ते आम्ही शक्य तितक्या लवकर पाहू.

राहिला प्रश्न 600 रुपयांचा. शोरूममधील चाचणी विनामूल्य असते, कारण तिथे गाडी विकायची असते, आणि तसे असणे योग्यच आहे. आम्ही गाड्या विकत नाही. आमची गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची, म्हणजे केंद्र सरकारच्या 1997 च्या दुचाकी भाडे योजनेखाली परवाना घेतलेली आहे. तिचा विमा, तिचे कर आणि तिच्या कर्जाचा हप्ता हे सर्व याच पैशांतून जाते, आणि घाटात कोणी पडले तर पहिला फोन मला येतो. विकत घेण्यापूर्वी शहराच्या चौकातल्या चार वळणांऐवजी चढ, पठार आणि उतार अनुभवायला मिळावा, यासाठी हा तास आहे. हीच गाडी पुढे पूर्ण दिवसासाठी घेतल्यास हे 600 रुपये भाड्यातून वजा होतात, आणि ते आपल्या पावतीच्या तळाशी छापलेले आहे. लुटायचे असते तर ही सवलत ठेवली नसती.

महोदय, पंचवीस वर्षांच्या मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत अनेकांनी आमच्याकडे गाडी चालवून पाहिली आणि मग ती न घेण्याचा निर्णय घेतला. त्याबद्दल मला कधीही वाईट वाटले नाही. दोन-अडीच लाखांहून अधिक किमतीची वस्तू नको आहे, हे खरेदीपूर्वी कळणे यात आमच्या कामाचे सार्थक आहे. ‘ही गाडी मला जमली नाही’ असे आपण लिहिले असते, तर मी आपले आभारच मानले असते. परंतु आमच्या प्रामाणिकपणावर शंका घेणारा अभिप्राय आल्यापासून ठरलेल्या नोंदण्या रद्द होऊ लागल्या आहेत, आणि या गाड्यांवरच आमचे घर चालते. म्हणून इतके सविस्तर लिहावे लागले.

एकाहून अधिक चालक असतील, तर वेळ कशी द्यावी, याबाबत काही बदल करण्याचा आमचा विचार चालू आहे. आपल्यासाठी म्हणाल, तर हंगामाची गर्दी ओसरल्यावर आठवड्यातील कोणत्याही दिवशी सकाळी या. परफॉर्मन्स मोड लावून, चढावरून, एकट्याने संपूर्ण तास गाडी चालवा. त्या तासाचे शुल्क मी घेणार नाही. त्यानंतरही आपले मत तेच राहिले, तर ते तसेच ठेवा. फक्त वेळेविषयीचे वाक्य वरच्या नोंदींशी पडताळून दुरुस्त करावे, एवढी विनंती आहे. वही आणि जीपीएसची नोंद दुकानात आपल्यासाठी ठेवलेली आहे. येण्यापूर्वी आदल्या दिवशी फोन करावा आणि मूळ परवाना सोबत आणावा.

आपला,
संचालक, दुचाकी भाडे केंद्र, सातारा