रात्री वाढणारं पेट्रोल

दिवे लावले की माझ्या गाडीतलं पेट्रोल वाढायचं. संध्याकाळी बीडच्या बाहेर पडताना पाव टाकीवर असलेला काटा हेडलाइटचं बटण दाबताच अर्ध्याच्या वर जायचा. आजच्या भावात असं फुकटचं पेट्रोल कुणाला नको आहे? पण शेजारचा टेंपरेचरचा काटाही त्याच झटक्यात लाल पट्टीकडं सरकायचा. डावा इंडिकेटर दिला की दोघं टिकटिकच्या तालावर माना डोलवायचे. ब्रेक दाबला तर इंडिकेटर मिणमिणायचा, आणि हॉर्न वाजवला की आरपीएमचा काटा दचकून खाली बसायचा.

माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे. अशा माणसानं दोन सीटची, छप्पर उघडणारी, फायबरच्या बॉडीची जुनी स्पोर्ट्स कार का घ्यावी, हा विषय घरात अजून मिटलेला नाही. गाडी पुण्याहून आली तेव्हा एका शेतकऱ्यानं तिला सावकाश फेरी मारली, आत डोकावून बघितलं आणि विचारलं, "मालक, ह्यात युरियाचं पोतं कुठं बसतंय?" पोतं २०१८ पासून ५० चं ४५ किलोचं झालंय, तरी डिकीत मावत नाही. शेजारच्या सीटवर बसवून त्याला पट्टा लावावा लागतो. म्हणजे मग बायकोनं कुठं बसायचं, हा पुढचा विषय.

सल्ल्यांचा आमच्याकडं कधी दुष्काळ पडत नाही. दुकानाच्या बाकड्यावर बसणाऱ्या मंडळींपैकी एकाचं म्हणणं उंदरानं वायर कुरतडली, दुसऱ्याचं म्हणणं बॅटरी बदला, आणि तिसरा बोनेटला लिंबू-मिरची बांधूनच मोकळा झाला. अंबाजोगाईहून सासरे आले. त्यांनी काट्यांचा नाच शांतपणे बघितला आणि म्हणाले, "जावईबापू, आमच्या स्कूटरला काटाच नव्हता. हालवायची, कानानं ऐकायचं, आन् निघायचं." मी माझी गाडी हलवून बघावी अशी त्यांची खरोखर अपेक्षा होती.

खरा शोध बायकोनं लावला. गेवराईहून रात्री परत येताना काटा लाल पट्टीला टेकलेला बघून ती ओरडली, "अहो, दिवे बंद करा, गाडी तापायलीय!" मी घाबरून बंद केले, आणि इंजिन तत्काळ थंड! पुढं ट्रक, मागं ट्रक, सोलापूर-धुळे हायवे आणि आमचा मिट्ट काळोख. दिव्यांचा आणि काट्याचा काहीतरी संबंध आहे हे तिला त्या क्षणी कळलं होतं. मी मात्र गाडी संभाजीनगरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली, कारण तिथं एसी आणि कॉफी असते.

तिथला पोरगा स्कॅनर घेऊन आला आणि तो जोडायला सॉकेट शोधू लागला. डॅशबोर्डखाली बघितलं, सीटखाली बघितलं, शेवटी मलाच विचारलं. ही गाडी सॉकेट येण्याच्या आधीची. मशीन बोलेना म्हटल्यावर त्यांनी पार्ट बदलायला घेतले. आधी टाकीतलं पेट्रोल मोजणारं फ्लोटचं युनिट, मग इंजिनवरचा टेंपरेचर सेन्सर, आणि त्यानंतर "अख्खा मीटरसेट टाकून घ्या सर." नवीन पार्ट जुन्यापेक्षा जोमानं खोटं बोलू लागले. साधी गोष्ट आहे, टाकी मागं, इंजिन पुढं. दोन टोकांचे दोन सेन्सर दिव्याचं बटण दाबल्याबरोबर एकाच क्षणी कसे बिघडतील? बरं, टेंपरेचर सेन्सरची परीक्षा दोन मिनिटांची. त्याची वायर काढली की काटा थंडाकडं पडला पाहिजे, तीच वायर लोखंडाला टेकवली की गरमाकडं गेला पाहिजे. दोन्हीकडं नीट जात असेल तर मीटरही ठीक आणि वायरही ठीक. पण या परीक्षेचं बिल करता येत नाही.

शेवटी गाडी बार्शी नाक्याकडच्या उस्तादकडं गेली. दिवाळीच्या आधी त्याच्या दारात ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग असते. कुणाचा डायनामो, कुणाचे दिवे, आणि सगळ्यांचेच स्पीकर. स्पोर्ट्स कार बघून तो ना हरखला ना हसला. एवढंच म्हणाला, "कब होता?"

हा प्रश्न मला आजवर कुणीही विचारला नव्हता. मी बायकोचा शोध माझा म्हणून सांगितला.

त्यानं मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी मीटरमागच्या निगेटिव्हला, आणि मला दिवे लावायला सांगितले. तिथं शून्याच्या आसपास, फार तर ०.२ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा दोनच्या वर गेला. मग त्यानं एक लांब वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मीटरमागच्या त्याच जागी टेकवलं. दोन्ही काटे खाडकन आपापल्या जागी. वायर काढली, परत वर. "मीटर कू कुछ नई हुआ, मालक. अर्थिंग नई मिलरी."

पत्र्याच्या गाडीत सगळी बॉडीच निगेटिव्ह असते. बल्बला एक वायर न्या, परतीचा रस्ता पत्र्यातून. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याची आणि मीटरचीही परतीची वायर वेगळी ओढावी लागते, आणि कारखान्यानं अशा बऱ्याच वायरी डॅशबोर्डखाली एकाच बोल्टवर आणून बांधल्या होत्या. भावकीच्या एका विहिरीवर सगळ्यांच्या मोटारी बसवाव्यात, तसं ते. एकानं बटण दाबलं की बाकीच्यांच्या पाइपातून नुसती हवा.

तो बोल्ट बघायला मला स्टिअरिंगखाली उताणं झोपावं लागलं. पाय गाडीबाहेर, डोकं पेडलांत. थिंबलांवर, म्हणजे वायरींच्या टोकाच्या कड्यांवर, हिरवी बुरशी चढलेली, आणि चेसिसला बोल्ट टेकतो तिथं कुणीतरी फार प्रेमानं काळा रंग मारून ठेवलेला. उस्तादनं पॉलिश पेपरनं रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलं, नवी थिंबलं दाबली, दातऱ्याचा वायसर घालून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस फासलं. मीटरसेटच्या कोटेशनवरचा जीएसटीसुद्धा त्याच्या बिलापेक्षा जास्त होता.

आता काटे खरं बोलतात. रात्रीचं वाढीव पेट्रोल बंद झालं. मे महिन्यात भर दुपारी बायकोला घेऊन निघालो, तर मांजरसुंब्याच्या घाटात टेंपरेचरचा काटा सरळ लाल पट्टीत. मी तिला निवांत सांगितलं, अर्थिंग असेल. "अहो, पण दिवे कुठं लावलेत?" म्हणेपर्यंत बोनेटमधून वाफ निघाली. गाडी कडेला घेऊन उस्तादला फोन लावला.

"अब सच्ची गरम हुई," तो म्हणाला. "पंखा बंद होगा. मैं मीटर बनाया था, मालक, पंखा नई."