खड्डा उपसायचे पैसे कुणी द्यायचे?

युगांडाच्या राजधानीचा, कंपालाचा नकाशा एकदा नीट बघा. शहरातून नाकिवुबो नावाचा काँक्रीटचा नाला वाहतो आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या मर्चिसन उपसागरात उतरतो. त्याच उपसागरातून गाबाचं जलशुद्धीकरण केंद्र शहराला प्यायचं पाणी उचलतं. मध्ये पपायरसची दलदल होती. पपायरस म्हणजे लव्हाळ्याचाच भाऊबंद, पण माणसापेक्षा उंच. त्याच्या मुळांच्या जाळीतून पाणी संथ झिरपायचं, गाळ खाली बसायचा, सगळं फुकटात. मग भराव पडले, कारखाने आले आणि उरलेल्या जागेत लोकांनी अळू लावलं. अळूसाठी चर खणावे लागतात आणि त्या चरांतून मैलापाणी न थांबता थेट सरोवरात. गाबाचा शुद्धीकरणाचा खर्च वाढत गेला. पुढे नवीन केंद्र बांधलं ते लांब पूर्वेला, कटोसीला.

आफ्रिकेतलं पाणीप्रदूषण म्हटलं की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात: ‘बिचारे लोक’ नाहीतर ‘भ्रष्ट सरकार’. आणि उपाय एकच, मोठा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प. कंपालाने तोही बांधलाय, बुगोलोबीला, रोज साडेचार कोटी लिटर क्षमतेचा. चांगलंच झालं. पण गटाराच्या पाइपला जोडलेली घरं दहांत जेमतेम एक. बाकी शहर शौचालयाखालच्या खड्ड्यांवर आणि सेप्टिक टँकवर चाललंय.

ब्वायसेसारखी वस्ती घ्या. जमीन दलदलीची, थोडं खणलं की पाणी लागतं. त्यामुळे खड्डा खोल नेता येत नाही; शौचालय जमिनीच्या वर उचलून बांधतात, पायऱ्या चढून जायचं. खड्डा भरला तर व्हॅक्यूम टँकर गल्लीत शिरत नाही, आणि अख्ख्या टँकरचे पैसे एकाला झेपत नाहीत. मग जोराच्या पावसात काही जण खड्ड्याचं तोंड मोकळं करून देतात. पूर घेऊन जातो.

अशा गल्ल्यांत ‘गल्पर’ नावाचा हातपंप चालतो. पाइपच्या आत लोखंडी दांडा, दोन झडपा, दांडा वरखाली केला की मैला पिंपात. त्याआधी आकड्याने खड्ड्यातल्या चिंध्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या ओढून काढायच्या. भरलेली पिंपं गाडीवर चढवून लुबिगीच्या केंद्रात न्यायची. 2014 पासून तिथे मैलागाळावर प्रक्रिया होते.

माझा राग इथे आहे. पाइपवाल्या घरांचा मैला वाहून नेण्यासाठी सरकार परदेशी कर्ज आणि मदत उभी करतं. खड्डेवाल्या भाडेकरूने मात्र प्रत्येक पिंपाचे रोख पैसे मोजायचे. रोख मागितले की माणूस पावसाचीच वाट बघणार! (आमच्याकडचा टँकरवाला तेवढी वाटही बघत नाही, अंधार पडला की नाला गाठतो.)

साताऱ्यातल्या वाईत नगरपालिकेने सेप्टिक टँक पाळीपाळीने उपसायला घेतले आणि खर्च करातून काढला. टँक भरेपर्यंत थांबायचं नाही, दारात पैसे मागायचे नाहीत. कंपालात हे जसंच्या तसं जमणार नाही, कबूल. घरमालक दुसरीकडे राहतो, भाडेकरू आज इथे तर उद्या तिथे, आणि वस्तीतल्या जागेचे कागद धड नाहीत. कर लावणार कुणावर? म्हणून मी म्हणेन, नळाच्या बिलावर अधिभार लावा, मोठ्या ग्राहकांवर जास्त, आणि तो पैसा सरळ उपसणाऱ्यांना द्या. लुबिगीत उतरवलेल्या प्रत्येक पिंपामागे, पावती बघून.